शेंदराची रेघ

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तालुका आणि जिल्हाही सांगत नाही. आमच्या डोहात आज मोठे मासे आहेत, हे ज्यांना कळायला नको त्यांच्याही हातात कधीमधी पुस्तक पडतं. एवढंच सांगतो की गाव सह्याद्रीच्या माथ्याला टेकून आहे आणि गावाच्या वर दोन कोसांवर धरण आहे. वीज करायचं धरण.

नदी धरणातून सुटून आमच्या शिवारात येते, तिथं एका काळ्या कातळाला वळसा घालते. त्या वळणात डोह आहे. लहानपणी आम्ही त्याचा तळ कधी पाहिला नव्हता. काठावर सातीआसरांचे सात दगड. माझी आज्जी दर अवसेला तिथं जायची. दगडांना शेंदूर लावायची, नारळ फोडायची आणि कणकेचे गोळे करून पाण्यात टाकायची. गोळा पडला की खालून एक लांबडी सावली वर यायची. पाठ तांबूस काळी, खवले जुन्या रुपयाएवढे, पर निळसर, तोंडाला दोन्ही बाजूंना मिशा. आमच्याकडे त्याला खडची म्हणतात. शहरातल्या पुस्तकात महसीर म्हणतात.

गावात डोहाचा एक नियम होता. डोहातल्या माशाला हात लावायचा नाही. खाली उतारापलीकडं वांब धरा, मळ्या धरा, खेकडे काढा, कोण विचारत नव्हतं. पण कातळापासून उतारापर्यंतचं पाणी आसरांचं. हा नियम कुणी केला, कधी केला, कुठं लिहिला, काही माहीत नाही. राखणदार नव्हता. पाटी नव्हती. तरी तो पाळला जायचा.

तो नियम आमच्या घरानं मोडला. हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

साल १९७३. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं सगळा मुलूख होरपळला होता. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. घाटातल्या रस्त्याचं काम निघालं होतं. माझे धाकटे चुलते, आमचे तात्या, तिथं खडी फोडायला जायचे. पुढं सुरुंग ठासणाऱ्याच्या हाताखाली गेले. एके दिवशी संध्याकाळी ते घरी आले ते धोतराच्या घोळात जिलेटिनच्या दोन कांड्या घेऊनच.

मी तेव्हा तेरा वर्षांचा. तात्यांनी मला हाक मारली, "आरं, पोतं घे. आन् वाटंवर हुबा ऱ्हा. कुनी आलं तर शीळ घाल."

मी पोतं घेतलं. वाटेवर उभा राहिलो. कुणी आलं नाही.

आवाज मोठा नव्हता. धप्प असा झाला, जमिनीतून आल्यासारखा. पाण्याचा एक गोळा वर उठला आणि बसला. मग पांढऱ्या पोटांनी डोह भरून गेला. मोठ्या खडच्या सात-आठ असतील. बाकी लहान, बोटाएवढे, भाताच्या शितांसारखे पांढरे पांढरे तरंगत होते. ते कुणी उचलणार नव्हतं, पण मेले होते. जेवढे वर आले त्याच्या कितीतरी तळाला बसले. आठ दिवसांनी वास सुटला तेव्हा कळलं.

सगळ्यात मोठी खडची माझ्या कमरेएवढी होती. आईनं तिचं पोट चिरलं तर आत पिवळ्या अंड्यांचा गोळा. आई थांबली. आज्जीकडे बघितलं. आज्जी काही बोलली नाही. आपलं ताट वेगळं घेतलं, त्यात मिठाचा खडा आणि भाकर घेऊन ओसरीवर बसली. आम्ही चार दिवस मासे खाल्ले, उरलेले वाळवले. आज्जीनं तोंड लावलं नाही.

पाचव्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "आज्जी, मी न्हाई टाकली कांडी. मी नुसता हुबा होतो."

ती म्हणाली, "तुजं न्हाई चुकलं. तुला हुबं केलं त्येचं चुकलं." जरा वेळानं म्हणाली, "पर हुबा तर तू व्हतास."

पुढं शिक्षक झाल्यावर मला कळलं की पाण्यात सुरुंग लावून मासे मारण्याविरुद्ध आपल्याकडे १८९७ पासून कायदा आहे. दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. इंग्रजांनी केलेला. आमच्या गावात तो कधी पोचला नाही. आज्जीचा होता तो पोचला होता आणि तोच आम्ही मोडला.

पण सगळा दोष त्या दोन कांड्यांवर घालून मोकळं होता येत नाही. त्याच्या आधी कितीतरी वर्षं डोहाचं काही तरी बिघडत आलं होतं.

आमच्या डोंगरांचा एक गुण वीज करणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी हेरला. पाऊस पडतो माथ्यावर. नद्या उगम पावतात आणि पूर्वेला, देशाकडे निघतात. पण पश्चिमेला दोन-चार कोसांवर कडा आहे आणि खाली कोकण, पाचशे मीटर खोल. मग नदी माथ्यावरच अडवायची, बोगद्यातून आणि नळातून पाणी पश्चिमेला सोडायचं आणि कड्याखाली जनित्रं फिरवायची. खोपोलीला १९१५ साली अशी वीज झाली, भिवपुरीला १९२२ साली, भिऱ्याला १९२७ साली. पुढं कोयनेचं पाणी पोफळीला उतरलं, ते १९६२ साली. मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या, दिवे यावर चालले. पंख्याखाली बसून हे लिहिताना त्याला वाईट म्हणायची माझी हिंमत नाही.

पण कड्याखाली उतरलेलं पाणी परत वर येत नाही. कोकणातल्या नदीला उन्हाळ्यातही पाणी वाहतं, आता तिथं लोक होड्या घेऊन खळाळात खेळायला जातात. आणि ज्या नदीचं ते पाणी, ती धरणाखाली कार्तिकातच बारीक होते. शिमग्यापर्यंत नुसते गोटे. मुळशीत १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट उभे राहिले, बुडणाऱ्या गावांसाठी माणसं तुरुंगात गेली. धरणाच्या वर बुडणाऱ्याला निदान बोलता येत होतं. धरणाच्या खाली सुकणाऱ्या डोहातल्या माशाला कुठं बोलता येतं?

माशाचं दुखणं नुसतं उन्हाळ्याचंही नाही. खडची अंडी घालते पावसाळ्यात. आषाढात नदीला पहिला लोंढा आला की तिला कळतं, आता वर चढायचं. गाळ धुऊन निघालेल्या स्वच्छ वाहत्या पाण्यात, गोट्यांमध्ये ती अंडी सोडते. आमच्या नदीला आषाढात लोंढा येतच नाही. पहिला पाऊस धरण पिऊन टाकतं. धरण भरून सांडवा वाहू लागला की एकदम पूर येतो आणि त्या पुरात माणूस टिकत नाही, अंडी कुठली टिकायला? मासा वाट बघतो आणि वेळ निघून जाते. एका कांडीनं डोह एका संध्याकाळी रिकामा होतो. हे काम हळूहळू होतं, एवढाच फरक.

मी शिक्षक झालो, दहा वर्षं बाहेर काढली आणि बदली होऊन गावाजवळच्या शाळेत आलो. १९९१ साली पोरांची सहल लोणावळ्याला नेली. पोरांना बोगदे आणि आगगाडी बघायची होती. मला वळवणच्या तलावाकाठचं मत्स्यबीज केंद्र बघायचं होतं. टाटांच्या वीज कंपनीनं तिथं महसीर वाढवायचं काम सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालवलं होतं. महाराष्ट्रातले मत्स्यतज्ज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाची अंडी कशी, पिल्लू कसं वाढतं, हे बारकाईनं अभ्यासलं आणि एस. एन. ओगले यांच्यासोबत ते तंत्र बसवलं. रोहू-कटल्याची मादी अंडी लाखांनी देते, ही काही हजार देते. म्हणून एकेक अंडं मोलाचं.

तिथल्या माणसानं पोरांना सगळं दाखवलं. पावसाळ्यात पोटुशी मादी पाण्यातून काढतात, ओल्या हातानं पोट दाबतात, अंडी ताटात घेतात. नराचं बीज त्यात कालवतात. मग ती अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. पाणी थांबलं की अंडी गेली. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ट्रेमध्ये पिवळी अंडी बघितली आणि मला आईच्या विळीखालचा तो गोळा आठवला. मी जरा बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्याच माणसानं सांगितलं की या माशाचं शास्त्रीय नाव आपल्याच मातीतलं आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाचं वर्णन १८३९ साली छापलं आणि नाव दिलं खुद्री. मराठी माणसं म्हणत ते त्यानं ऐकलं तसं लिहिलं. आमची खडची साहेबाच्या कानातून जगभर गेली होती.

मी हात जोडून म्हणालो, आमच्या डोहासाठी थोडी बोटुकली द्या. दोन पिशव्या मिळाल्या. खाली थोडं पाणी, वर ऑक्सिजन भरून फुगवलेल्या. एस.टी.त त्या मांडीवर घेऊन बसलो. डोहावर पिशवी पाण्यात ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं थंड होऊ दिलं, मग तोंड सोडलं. काडीएवढे मासे डोहात गेले. मला वाटलं, फिटलं.

पुढच्या वैशाखात डोहावर पाच इंजिनं लागली. वर ऊस, खाली टोमॅटो. कुणाचं चुकत होतं असंही नाही, नदी वाहत नव्हती म्हणून सगळे डोहातलं ओढत होते. पाणी गुडघ्यावर आलं. बगळे दिवसभर उभे. मी गेलो तेव्हा चिखलात काही बोटुकली तडफडत होती, बाकी बगळ्यांनी नेली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला डोहाचा तळ दिसला.

मी काठावर बसलो होतो. मागून तात्या आले. वय साठीकडं झुकलेलं, एका कानानं ऐकू येत नव्हतं. सुरुंगाच्या कामानं तो कान गेला. म्हणाले, "मास्तर, बी पेरून पानी न्हाई दिलं तर काय उगवतं व्हय?"

मी म्हणालो, "पाणी मी कुठून आणू, तात्या?"

ते काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कातळावर शेंदराची रेघ होती. आडवी, हातभर लांब, पुरुषभर पाण्याच्या उंचीवर. तात्यांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं. ज्या माणसानं जन्मात सभेत तोंड उघडलं नव्हतं, तो म्हणाला, "सत्तरच्या दुष्काळात डोहात कांडी मी टाकली. गावाला वास आला, पर कुनी माजं नाव घेतलं न्हाई. आज मीच घेतो. त्या रेघंच्या खाली पानी गेलं की इंजान बंद. आसरांची रेघ हाय ती. ज्येला वलांडायची त्येनं माज्यासारखं म्हातारपण भोगायची तयारी ठिवावी."

सभेत कुणी बोललं नाही. मी तात्यांच्या शेजारीच होतो. पोतं धरून उभा होतो, हे सांगायला मला उठायचं होतं. उठलो नाही. मास्तर होतो ना.

रेघ पाळली गेली. सगळ्यांनी नाही, रोज नाही, पण पाळली गेली. १९९४ साली मी पुन्हा बोटुकली आणली. आणि तात्या डोहावर बसायला लागले. संध्याकाळी जेवून काठी आणि कंदील घेऊन जायचे, मध्यरात्री यायचे. बाहेरून जीपगाडीत जाळी घेऊन येणारे असायचे, ब्लीचिंग पावडर टाकणारे असायचे. तात्या शिव्या द्यायचे, दगड मारायचे, एकदा डोकं फोडून घेतलं. डोहाच्या वरच्या अंगाला एक ओढा नदीला मिळतो. धरणाचं पाणी त्यात नाही, तो डोंगरातून मोकळा येतो. पावसाळ्यात चढणीचे मासे त्यातून वर जातात आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन तिथं जायचं. तात्यांनी ते बंद केलं. "नदीला लोंढा न्हाई, निदान वढ्याला हाय. त्येवढी वाट तरी सोडा." नदीनं सोडलेलं काम ओढा करू लागला. चार-पाच वर्षांनी ओढ्याच्या गोट्यांत पिल्लं दिसली. ती आम्ही सोडलेली नव्हती. तिथंच जन्मलेली होती.

तात्या बावीस वर्षं बसले. पगार शून्य. २०१६ च्या श्रावणात गेले. तेराव्याच्या आत डोहावर जाळं पडलं.

तेव्हा मला खरा प्रश्न कळला. आज्जीच्या काळात डोह फुकटात राखला जायचा, कारण नदी स्वतःच अर्धं राखायची. खोल पाणी राखायचं, पूर राखायचा, भीती राखायची. पाणी गेलं, रस्ता आला, गाडी आली. मग राखण हे काम झालं. आणि कामाला मजुरी लागते. महाडजवळ वाळण कोंडाला किंवा वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळशाच्या महादेवाला मासे देवाचे म्हणून आजही राखले जातात, ते मी पाहून आलो आहे. हात जोडले. पण प्रत्येक सुकलेल्या डोहाला एक तात्या मिळणार नाही.

पैसा नाही असंही नाही. जंगलाची जमीन प्रकल्पाला दिली तर तिचं मोल भरावं लागतं, त्या पैशाचा २०१६ साली कायदाही झाला. पण तो जमिनीचा हिशोब. आणि आमच्याकडची जुनी धरणं या सगळ्याच्या कितीतरी आधीची. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजाच्या कामाला लावावेत असा नियम २०१४ पासून लागू आहे, त्यात झाडं, प्राणी, निसर्ग सगळं बसतं. त्यातूनच २०१९ साली एका संस्थेची माणसं आमच्याकडे आली. चांगली, शिकलेली पोरं. म्हणाली, "सर, आपण डोहात एक लाख मत्स्यबीज सोडू. कार्यक्रम करू."

मी विचारलं, "कुठलं बीज?"

"रोहू, कटला. लवकर वाढतं. गावाला उत्पन्न."

मी नको म्हणालो. कारण आदल्याच वर्षी मी कावेरीची गोष्ट वाचली होती. कावेरीत तिची स्वतःची एक महसीर आहे, पाठीला उंचवटा असलेली. जगातल्या सगळ्यात मोठ्या महसिरींपैकी एक. गळानं मासे धरून सोडून देणारे हौशी लोक तिच्यासाठी परदेशातून यायचे. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून तिथं आपल्याकडची निळ्या पराची महसीर सोडली गेली, लोणावळ्याच्या बीजाची. हेतू चांगलाच होता. नदीत मासा कमी झाला, तर मासा सोडा. पुढं अभ्यासकांनी गळकऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या वह्या तपासल्या तर दिसलं की पाहुणी वाढली आणि घरची कमी होत गेली. २०१८ साली कावेरीतल्या त्या महसिरीची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी ती अतिसंकटग्रस्त यादीत गेली. आमची खडची मात्र आता जागतिक यादीत फारशा काळजीची राहिलेली नाही. एका नदीत जी लेक, ती दुसऱ्या नदीत सवत झाली. आमच्या डोहात मी आणलेलं बीज इथलंच निघालं हे माझं नशीब. अक्कल नव्हे.

मी त्या पोरांना म्हणालो, "बीज नको. दोन राखणदारांचा वर्षाचा पगार द्या. आणि धरणवाल्यांशी बोलून आषाढात दोन-तीनदा थोडं पाणी सोडता येईल का बघा. दोन-दोन दिवस. लोंढा आल्यासारखं वाटलं पाहिजे माशाला."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, बीज सोडण्याला हेड आहे. राखणदाराला हेड नाही. पाण्याचं तर आमच्या हातातच नाही." मग म्हणाला, "आणि फोटो कशाचा काढणार?"

रागावलो नाही. खरंच, न धरलेल्या माशाचा फोटो कसा काढणार?

माझा एक विद्यार्थी अमेरिकेत पोर्टलँडला असतो. त्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "सर, इथं या, तुम्हाला काही दाखवतो." मी काही गेलो नाही, पण त्यानं रविवारी बॉनव्हिल धरणावर जाऊन व्हिडिओ कॉल लावला. कोलंबिया नावाची मोठी नदी, तिच्यावरचं धरण. धरणाच्या कडेला पाण्याच्या पायऱ्या केलेल्या, मासा एकेक पायरी चढून वर जातो. तळघरात काचेची खिडकी. समुद्रातून आलेले सामन मासे काचेपलीकडून जात होते. १९३८ पासून तिथं माणसं बसून मासे मोजतात, कोणत्या जातीचे किती गेले. मी म्हणालो, "अरे, हे मोजणाऱ्यांना पगार असतो?" तो हसला. "असतो सर. विजेच्या पैशातून."

त्यानं सांगितलं ते मी नंतर नीट वाचून घेतलं. १९८० साली तिथं कायदा झाला. त्या खोऱ्यातल्या सरकारी धरणांची वीज विकणाऱ्या संस्थेनं धरणांनी ज्यांचं नुकसान केलं त्या माशांसाठी आणि रानासाठी खर्च करायचा, आणि तो विजेच्या उत्पन्नातून करायचा. चार राज्यांची मिळून एक परिषद आराखडा ठरवते. सामनची पिल्लं खाणारा एक मासा धरणांच्या तुंबलेल्या पाण्यात फार माजला, तर तो धरून आणणाऱ्याला एका माशामागे सहा ते दहा डॉलर मिळतात. आमच्या तात्यांना बावीस वर्षांत चहा मिळाला होता.

पण तिथंही सगळं छान आहे असं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो, नाहीतर आपण परदेशाच्या आरत्या करत बसतो. त्याच नदीवर वरच्या अंगाला ग्रँड कूली धरणाला माशासाठी पायऱ्याच नाहीत, वरचा सगळा मुलूख सामनला बंद झाला. सिलायलो नावाचा धबधबा होता, तिथं मूळची माणसं हजारो वर्षं मासे धरत. १० मार्च १९५७ रोजी नवीन धरणाचं पाणी चढलं आणि काही तासांत तो बुडाला. त्याची भरपाई दिली गेली. भरपाईनं धबधबा परत आला नाही. एवढे पैसे खर्चूनही सामन आणि त्याच्या भाईबंदांच्या तेरा पिढीजात तुकड्या आज तिथं संकटाच्या यादीत आहेत. म्हणजे पैशानं नदी विकत घेता येत नाही. पण बिल कुणाच्या नावानं फाडायचं, एवढं तरी तिथं ठरलं आहे. आमच्याकडे ते डोहाच्या काठावर राहणाऱ्याच्या नावानं फाटतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मी पैसा नको म्हणणारा माणूस नाही. कुणी म्हणतं, निसर्गाला पैशात मोजू नका. ठीक. पण विजेचं युनिट तर पैशातच मोजता ना? त्यात जनित्राचं तेल धरलंय, तारेची गळती धरलीय, साहेबाची गाडी धरलीय. आषाढातला दोन दिवसांचा लोंढा धरलेला नाही. रात्री कंदील घेऊन बसणारा माणूस धरलेला नाही. ते धरलं तर युनिटमागे किती वाढेल याचा हिशोब मांडायला हुशार माणसं बसवावीत. ते वाढणारे पैसे मी पहिल्यांदा भरेन.

तोवर माझी वही आहे. २०१८ साली निवृत्त झालो. तात्यांचा नातू, आमचा दत्ता, डोहावर बसतो. वाड्यावस्तीवरचा अजून एक पोरगा सोबतीला असतो. दोघांना मिळून महिन्याला सहा हजार रुपये देतो. पेन्शनमधून. विजेऱ्यांचे सेल वेगळे, पावसाळ्यात दोन इरली. दत्ता पहिल्यांदा पैसे घेईना. म्हणाला, "आजोबांनी कवा घेतलं व्हतं का?"

मी म्हणालो, "आजोबा कर्ज फेडत होते. तुझ्यावर काही कर्ज नाही. घे."

"मग तुमी का देताय, आण्णा?"

तेव्हा त्याला मी पोत्याची गोष्ट सांगितली. सभेत जी सांगायची राहिली ती. तो ऐकून घेऊन गप्प बसला. मग त्यानं पैसे खिशात घातले.

आता मी पासष्टीला आलो. मुलगा पुण्यात असतो, सून म्हणते, बाबा, तुमच्या औषधांना राहू द्या थोडे. चुकीचं नाही म्हणत. पेन्शन माझ्याबरोबर जाणार. दत्ताचंही लग्न ठरतंय, त्याला शहरात गॅरेजमध्ये पंधरा हजार मिळतायत. तो अजून गेलेला नाही. मी त्याला थांब म्हटलेलं नाही.

परवा अवसेला डोहावर गेलो. जाताना दोन गोळे कणीक नेली. शेंदराची रेघ पुसट झाली होती, दत्तानं ती नव्यानं ओढली. रेघेच्या खाली चार बोटं पाणी उतरलेलं आणि पलीकडं एक इंजिन चालू होतं. दत्ता त्या शेतकऱ्याला हाक मारायला गेला. मी कणीक टाकली. पहिल्या गोळ्याला काही आलं नाही. दुसऱ्याला खालून ती लांबडी सावली वर आली, गोळा घेतला आणि वळून खाली गेली. पलीकडचं इंजिन बंद झालेलं ऐकू आलं.

घरी आलो तर विजेचं बिल येऊन पडलं होतं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, शुल्क, एकेक रकाना वाचला. मग ते बिल घडी करून डोहाच्या वहीत ठेवलं आणि वहीत त्या महिन्याचा खर्च लिहिला. दत्ता तीन हजार. दुसरा पोरगा तीन हजार. सेल एकशे चाळीस. शेंदूर वीस.